नटनट्यांचे पडद्याबाहेरचे छंद : कुठला ऐकून तुम्ही खरंच उडालात?

गोदाकाठचा

परवा नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर विषय निघाला की ही पडद्यावरची माणसं शूटिंग नसताना करतात तरी काय. मग सुरू झालं, हा जिमला जातो, ती योगा करते, याला वाचनाची आवड, त्याला प्रवासाची. अरे जिम ही त्यांची ड्युटी आहे, तो छंद कसा काय? आणि वाचन, संगीत, प्रवास हे तर आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात प्रत्येक जण ठोकून देतो, नंतर बायको विचारते कुठलं वाचन.

म्हणून इथे विचारतोय. असा छंद सांगा जो त्या माणसाच्या इमेजला अजिबात शोभत नाही आणि ज्यात तो खरंच डोकं घालून बसतो. अटी दोनच. पैशासाठी सुरू केलेला नको आणि फोटोवाला सोबत नेऊन करायचा नको.

माझ्याकडून डॅनियल डे-लुईस. मुख्य भूमिकेची तीन ऑस्कर असलेला एकमेव पुरुष नट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा माणूस सिनेमा बाजूला ठेवून इटलीत फ्लॉरेन्सला गेला आणि स्तेफानो बेमेर नावाच्या कारागिराच्या हाताखाली बूट शिवायला शिकला. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली रीतसर. बूट!

तिखट_शेव

आपल्याकडचा असता तर कोल्हापूरला जाऊन चपला शिवल्या असत्या आणि परत येऊन आपल्याला लेदर कसं ओळखायचं ते शिकवलं असतं.

रविवार_कारंजा

बूट ठीक आहे, माझ्याकडे याहून भारी आहे. रॉड स्टुअर्ट. तोच घोगऱ्या आवाजाचा, विस्कटलेल्या केसांचा रॉकस्टार. या बाबाने वीसेक वर्षं खपून घराच्या माळ्यावर अख्खं अमेरिकन शहर उभं केलंय, चाळिशीच्या दशकातलं, मॉडेल रेल्वेसकट. उंच इमारती, कारखाने, धुराने काळवंडलेल्या भिंती, रस्त्यावरचा कचरासुद्धा. २०१९ मध्ये इंग्लंडच्या एका मॉडेल रेल्वेच्या मासिकात त्याचे फोटो आले तेव्हा लोकांना कळलं. लांबी १२४ फूट आणि रुंदी २३ फूट, म्हणजे आमचा टू बीएचके त्यात बसून वर पार्किंग उरेल.

आणि ऐका, दौऱ्यावर असताना हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा आणि तिथे बसून इमारती रंगवायचा. बाकीचे रॉकस्टार दौऱ्यावर काय करतात ते सांगायला नको.

कसारा_लोकल

रॉडकाकांना साष्टांग दंडवत. माझे वडील रेल्वेत होते, लहानपण सगळं नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळे हा किडा काय असतो ते माहितीये. मी अजून इगतपुरीला काही काम नसताना जाऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहतो. कसाऱ्याहून गाडी वर चढवायला मागून बँकर इंजिनं लावतात, थळ घाटाचा चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वर आल्यावर ती इंजिनं सुटतात, कपलिंग काढणारा माणूस खाली उतरतो, हात दाखवतो, आणि गाडी पुढे निघून जाते. पंचवटी एक्सप्रेसमधल्या पासधारकांना यातलं काहीही दिसत नाही, ते झोपलेले असतात.

बायको म्हणते यात बघण्यासारखं काय आहे. आता तिला रॉड स्टुअर्ट दाखवतो.

तिखट_शेव

@कसारा_लोकल वहिनी विचारतील १२४ फुटांचा माळा कुठाय.

इंदिरानगरची_मी

सगळे परदेशातलेच सांगताय. आपल्याकडच्या एकीचं सांगते, आणि ही ऐकून आमच्या आई दोन मिनिटं गप्प झाल्या होत्या. लता मंगेशकर. फोटोग्राफीचं वेड तर बऱ्याच जणांना माहीत असेल, उत्तम फोटो काढायच्या. क्रिकेटचंही माहीत असेल, १९८३ चा वर्ल्डकप जिंकल्यावर बोर्डाकडे खेळाडूंना द्यायला पैसे नव्हते तेव्हा दिल्लीत त्यांनी कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले. पण तिसरं काय, तर लास व्हेगासमधली स्लॉट मशीन! नाणं टाकून दांडी ओढायची ती. अमेरिकेत गेल्या की तासन् तास खेळायच्या, स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. पांढरी साडी, दोन वेण्या आणि समोर खळखळणारी मशीन, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

भगूरकर

हे पटत नाही. दीदींच्या नावावर लोक काहीही खपवतात. आणि खरं असलं तरी जुगाराला छंद म्हणायचं का?

इंदिरानगरची_मी

@भगूरकर काका, खपवलेलं नाही हो, त्यांच्या मुलाखतींच्या पुस्तकात आहे. आणि दिवाळीत तीनपत्ती कोण कोण खेळतं ते या धाग्यावर विचारू का?

भगूरकर

दिवाळीची गोष्ट वेगळी.

अनुजा_जी

मंगेशकरांचाच विषय आहे तर आशाताई आणि स्वयंपाक. मटण आणि बिर्याणीबद्दल त्या गाण्याइतक्याच मनापासून बोलायच्या. २००२ मध्ये दुबईत त्यांच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं, नंतर इतर शहरांतही.

गोदाकाठचा

@अनुजा_जी रेस्टॉरंट आलं की धंदा आला, अट क्रमांक एक.

अनुजा_जी

अहो पण रेस्टॉरंट निघायच्या आधी कित्येक वर्षं त्या घरात रांधतच होत्या ना! छंदातून पुढे दोन पैसे आले की तो छंद बाद? मग तुमच्या त्या बूटवाल्याने एक जोड विकला असता तर तोही बाद? ही अट बायकांच्या बाबतीतच कडक लावतात असा माझा अनुभव आहे. बाईने लोणचं विकलं की गृहउद्योग, पुरुषाने लाकडाचं स्टूल केलं की पॅशन.

रविवार_कारंजा

अनुजाताईंना पूर्ण अनुमोदन. आणि स्टुलावरून आठवलं, निक ऑफरमन नावाचा अमेरिकन विनोदी नट आहे, लॉस एंजेलिसमध्ये त्याचं खरंखुरं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, लाकडी नावा बनवतो, टेबलं बनवतो आणि ती विकलीही जातात. त्याला कोणी धंदेवाईक म्हणत नाही.

गोदाकाठचा

ठीक, अट एक मीच जास्त ताणली. ‘पैशासाठी सुरू केलेला नको’ एवढंच. आशाताई आत.

द्राक्षवाला

निफाडहून लिहितोय. मला एका गोष्टीवर बोलायचंय, शेती. दर पावसाळ्यात कोणीतरी हिरो भातखाचरात उभा राहून रोप लावतानाचा फोटो टाकतो, खाली लिहिलेलं असतं मातीशी नाळ. धोतर स्वच्छ, चिखल फक्त पोटरीपर्यंत, आणि रोप धरायची पद्धत अशी की ते दुसऱ्या दिवशी तरंगणार. माझं म्हणणं राग म्हणून नाही, पण शेतीचा छंद त्यालाच परवडतो ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नाही. आमच्याकडे द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) झाली की पुढचे चार महिने रात्री झोपताना आभाळ बघून झोपायचं. ढगाळ राहिलं, दव पडलं की डाऊनी रोग आलाच, मग पहाटे उठून फवारणीचा ब्लोअर जोडायचा. फुलोऱ्यात पाऊस आला तर मणी गळतात, काढणीला आला तर तडकतात. त्यानंतर व्यापारी. याला छंद कोण म्हणेल?

तरी सगळेच तसले नाहीत हेही सांगतो. नाना पाटेकर खडकवासल्याकडे राहतो, त्याचं बोलणं ऐकलं की कळतं याला गुरं आणि पिकं माहिती आहेत. बोलायला लागला की मधेच बियाण्यावर जातो, ते ऐकून शिकून येत नाही.

रविवार_कारंजा

नानाची तर यादीच मोठी आहे. जेजेच्या अप्लाइड आर्टचा विद्यार्थी, चित्रं काढतो, स्वयंपाक उत्तम करतो, नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये उतरलेला आहे. ‘प्रहार’ (१९९१) साठी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर ट्रेनिंग घेतलं आणि तिथेच न थांबता टेरिटोरियल आर्मीत गेला, १९९९ ला कारगिलच्या वेळी सीमेवर होता. भूमिकेची तयारी म्हणून घेतलेली गोष्ट सिनेमा उतरून आठ वर्षं झाल्यावरही चालू राहिली, हे मला जास्त वाटतं.

भगूरकर

लष्करात जाणं हा छंद नव्हे. देवळाली कॅम्पला तोफखान्यात आयुष्य काढलेली माणसं आमच्या शेजारी राहतात, त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.

रविवार_कारंजा

काका बरोबर आहे तुमचं, तेवढं वगळून नेमबाजी धरा.

तिखट_शेव

भगूरकर काकांनी आतापर्यंत जुगार, लष्कर दोन्ही बाद केलं. काका, तुम्हाला चालेल असा एखादा सांगा की तुम्हीच.

भगूरकर

सांगतो. अशोक कुमार. दादामुनी होमिओपॅथीची औषधं द्यायचे, नीट अभ्यास केलेला होता, लोक खरंच औषध घ्यायला यायचे. शिवाय पेंटिंग. आणि अमोल पालेकर, तो तर मुळात जेजेत शिकलेला चित्रकारच, सिनेमात नंतर आला आणि आता परत कॅनव्हासकडे गेला. म्हणजे त्याच्या बाबतीत सिनेमा हाच मधला छंद म्हणावा लागेल.

अनुजा_जी

काका, मस्त सांगितलंत. याच न्यायाने डॉ. लागू. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, मग टांझानियात. नाटक हौशीच करत होते, १९६९ मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर आले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी तर दोन्ही चालूच ठेवलं. मराठीत एक काळ असा होता की नाटकाच्या जाहिरातीत डॉक्टर नसेल तर प्रयोग हाउसफुल्ल व्हायचा नाही.

सातपूर_एमआयडीसी

निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आधी. पडद्यावरचा तो सरपंच आणि प्रत्यक्षात सेवादलाचा माणूस, झाडांना पाणी घालणारा. पण ती नोकरी होती, छंद नाही, त्यामुळे गोदाकाठचा बाद करेल.

गोदाकाठचा

नाही करणार, निळूभाऊंना कोण बाद करणार.

बॅकस्टेज

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी कालिदास नाट्यगृहात आणि त्याआधी सायखेडकरला लाइट्सचं काम केलंय. दौऱ्यावर आलेली नटमंडळी दुपारी काय करतात ते आम्हाला चांगलं माहीत असतं. बस दुपारी पोचते, प्रयोग रात्री, मधे पाच-सहा तास. बहुतेक जण झोपतात. काही मिसळीला जातात आणि रात्री पहिल्या अंकात त्याचे परिणाम भोगतात.

एक होते, नाव सांगत नाही, सिरियलमध्ये कायम खडूस सासरे. ते बॅग टाकली की थेट भांडी बाजार. एकदा मला म्हणाले चल रे, रस्ता दाखव. मला वाटलं तांब्याची कळशी वगैरे घ्यायची असेल. तर अडकित्ते! जुने अडकित्ते गोळा करायचे. मोडीच्या ढिगात बसून एकेक वर काढायचे, पोपटाचा, घोड्याचा, एक तर राजा-राणीचा होता, पाय मिटले की दोघं समोरासमोर येतात असा. आधी वजन हातात घ्यायचे. मग हळूच मिटवून बल्बसमोर धरायचे, दोन्ही पात्यांमधून उजेड दिसला तर परत ढिगात. मग खिळ्यापाशी नखाने खरवडायचे, तिथे नवं पितळ चमकलं की म्हणायचे, ‘हा नंतर जोडलाय, याचं लग्न दुसऱ्यांदा लावलंय.’ दुकानदाराला वाटलं हे कोणी भंगारवाले आहेत, त्याने ओळखलंच नाही, आणि यांना त्याचाच आनंद! भाव करताना शेवटच्या दहा रुपयांवरून उठून चालायला लागले. मी म्हटलं काका द्या ना दहा रुपये, तर डोळा मारला. दुकानदाराने हाक मारलीच.

स्वतः सुपारी खात नाहीत. रात्री प्रयोगाच्या मध्यंतरात तोच अडकित्ता मेकअपच्या टेबलावर ठेवून एरंडेलाच्या बोळ्याने पुसत बसले होते, तिसरी घंटा झाली तरी उठेनात, मॅनेजर ओरडला तेव्हा उठले.

कसारा_लोकल

काय लिहिलंय हो! याला म्हणतात छंद. ‘लग्न दुसऱ्यांदा लावलंय’ :)

अनुजा_जी

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे, बघितला नसेल तर जरूर बघा. दिनकर केळकर स्वतः कवी, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहायचे, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा केले. मुलाच्या नावाने ते संग्रहालय उभं राहिलं.

तिखट_शेव

@बॅकस्टेज मिसळ खाऊन पहिल्या अंकात परिणाम भोगणारे कोण ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_टंकलेखक

मंडळी, टॉम हँक्सचं नाव अजून कसं आलं नाही? त्याला टाइपरायटरचं वेड आहे. शेकड्यांनी जमवले, त्यावर रोज पत्रं लिहितो, कोणी त्याला जुनं मशीन पाठवून पत्र लिहिलं तर टाइप करून उत्तर देतो. २०१४ मध्ये आयपॅडवर टाइपरायटरचा आवाज काढणारं ॲप काढलं, २०१७ मध्ये कथासंग्रह काढला, त्यातल्या प्रत्येक कथेत कुठे ना कुठे टाइपरायटर येतो. आता म्हणे मशीनं वाटून टाकतोय, दुरुस्तीच्या दुकानांना देतोय, म्हणजे वापरली जातील.

मी सीबीएस बसस्टँडच्या मागे टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. गोदरेजने १९५५ साली पहिलं देशी मशीन काढलं, आमच्याकडे त्यांचीच होती, त्यातल्या खिडकीजवळच्या मशीनचा ‘ळ’ अडकायचा, म्हणून त्यावर कोणी बसायचं नाही आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला तेच यायचं. पुढे कोर्टात नोकरी लागली. कार्बनच्या तीन प्रती, चूक झाली की तिन्हीवर खोडायचं, साहेब समोर. आणि हा हॉलिवूडचा हिरो ते गंमत म्हणून करतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. मग नातवाने त्या ॲपचा आवाज ऐकवला, ओळ संपल्यावरची घंटी वाजली आणि माझा डावा हात आपोआप दांडीकडे गेला.

द्राक्षवाला

टंकलेखक काका, माझं शेतीचं आणि तुमचं टायपिंगचं एकच आहे. आपली मजुरी ती त्यांची मौज.

निवृत्त_टंकलेखक

खरं आहे, पण मला त्याचा राग येत नाही. कोणीतरी ती मशीनं तेल घालून चालू ठेवतोय ना. आमच्या इन्स्टिट्यूटची सगळी किलोच्या भावाने गेली.

ओझर_टाऊनशिप

आमच्या लाइनमधला सांगतो. ब्रूस डिकिन्सन, आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा गायक. हा परवानाधारक विमान पायलट आहे, एका एअरलाइनमध्ये नोकरी केली, आणि २००८ च्या वर्ल्ड टूरला बँड, सामान, क्रू सगळं बोइंग ७५७ मध्ये भरून स्वतः उडवत नेलं. पुढे २०१६ च्या टूरला ७४७. रात्री स्टेजवर किंचाळायचं आणि नंतर कॉकपिटमध्ये बसून चेकलिस्ट वाचायची. इथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई जवळून बघितलेल्या माणसाला विचारा, विमानाचा छंद म्हणजे नव्वद टक्के कागद आणि दहा टक्के आकाश.

त्याच जातीचा ब्रायन मे, क्वीनचा गिटारिस्ट. १९७० मध्ये खगोलशास्त्राची पीएचडी सुरू केली, बँड चालला म्हणून सोडली आणि २००७ मध्ये परत जाऊन पूर्ण केली. विषय सूर्यमालेतली धूळ.

इंदिरानगरची_मी

माझ्या भावाला दाखवते, तो चार वर्षांत पीएचडी होत नाही म्हणून रडतोय.

रविवार_कारंजा

गाड्यांचे शौकीन नको होते मला, कारण गाडी घेणं हा छंद नाही, पैसा आहे. पण रोवन ॲटकिन्सन अपवाद. मिस्टर बीन पडद्यावर ती पिटुकली मिनी चालवतो आणि घरी होती मॅकलरेन एफवन. ती त्याने दोनदा ठोकली. २०११ मधल्या दुसऱ्या ठोकरीनंतर दुरुस्तीचं बिल नऊ लाख पाउंडांच्या वर गेलं, इन्शुरन्सवाल्याने भरलं. तरीही दुरुस्त करून घेऊन परत चालवली आणि २०१५ मध्ये विकली ती मूळ किमतीच्या कितीतरी पट जास्त भावाने. शिवाय ट्रकचं लायसन्स आहे आणि ऑक्सफर्डची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स. द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये सकाळी सोडलं पाहिजे त्याला ट्रक घेऊन.

आणि पॉल न्यूमन, पन्नाशी उलटल्यावर, १९७९ च्या ल मान्स २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम दुसरी आली. आपल्याकडे अजित कुमार, तमिळ सुपरस्टार. २०२५ च्या जानेवारीत दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम आपल्या गटात तिसरी आली, आणि त्याच्या काही दिवस आधी सरावात गाडी जोरात ठोकली होती. फॅन्सना तो सांगतो, माझ्यामागे घोषणा देत फिरू नका, घरी आई-बाबांकडे बघा.

अनुजा_जी

बायकांमध्ये जीना डेव्हिस. चाळिशीत १९९६ च्या ऑलिंपिकमधली तिरंदाजी टीव्हीवर बघितली, धनुष्य उचललं आणि १९९९ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. तीन वर्षांत! आणि हेडी लामार, चाळीसच्या दशकातली हॉलिवूडची सौंदर्यवती, शूटिंगहून आल्यावर घरी टेबलावर बसून शोध लावायची. जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर तिने पाणतीर शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून रेडिओची फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवण्याची युक्ती काढली, १९४२ मध्ये पेटंट मिळालं. नौदलाने तेव्हा लक्ष दिलं नाही. तिला म्हणाले युद्धरोखे विकायला मदत कर, आणि तिने तेही केलं.

सातपूर_एमआयडीसी

एक नाव राहिलं, सयाजी शिंदे. झाडं. नाशिककरांनी तर समोर बघितलंय, २०२५ च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय पेटला तेव्हा आले होते.

तिखट_शेव

तिथे कॅमेरे किती होते ते पण सांगा. अट क्रमांक दोन.

सातपूर_एमआयडीसी

@तिखट_शेव कॅमेरे होतेच, आंदोलनात कॅमेरे लागतातच, नाहीतर ऐकणार कोण. पण हा माणूस तपोवनामुळे झाडांकडे आला नाही. सह्याद्री देवराई किती आधीपासून चालू आहे, बीडजवळ पालवनला उजाड डोंगरावर झाडं लावली आणि २०२० मध्ये तिथे चक्क वृक्षसंमेलन भरवलं. तेव्हा नाशकातला कुंभ कोणाच्या डोक्यातही नव्हता. वड, पिंपळ, करंज असली देशी झाडं लावतात, शोभेची नाही. माझा मित्र बीडचा आहे, तो सांगतो झाड लावलं की टँकर कधी येणार हेही विचारतात.

तिखट_शेव

टँकरचं विचारतात तर मग मागे घेतो. पण कुंभाची झाडं तोडायची की नाही यावर माझं म्हणणं असं की

संपादक

कुंभ आणि तपोवन यावर वेगळा धागा चालू आहे. तिकडे.

तिखट_शेव

वाक्य तरी पूर्ण करू द्यायचं.

द्राक्षवाला

:) :)

जुने_नाशिक

सगळा धागा वाचला. रॉकस्टार झाले, हॉलिवूड झालं, आणि नाशिककरांना घरचा माणूस आठवला नाही याचं नवल वाटतं. दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्म, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर कंपनी नाशकात आणली, १९४४ मध्ये नाशकातच गेले. आपण त्यांना पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकापुरतं ओळखतो, मुलांची सहल काढायची आणि कारंजं चालू आहे का बघायचं.

तर हे फाळके जादूगार होते. खरे, पत्ते आणि रुमालवाले. प्रयोगासाठी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. सिनेमात येण्याआधी फोटोग्राफी केली, ब्लॉक आणि छपाईचं काम केलं, आणि जादूचा नाद कायमचा राहिला, पुढे केळफाच्या जादूवर छोटी फिल्मसुद्धा काढली. आता ‘लंकादहन’ किंवा ‘कालिया मर्दन’मधले चमत्कार बघा, माणूस गायब होणं, हवेत तरंगणं, हे त्या काळात कोणाकडून शिकला असेल? जादूगाराला प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची ते ठाऊक असतं, तेच त्याने कॅमेऱ्याला लावलं.

आणि अजून एक. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, कोणी देईना. तेव्हा या माणसाने कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिला, जवळपास महिनाभर. पडद्यावर दाखवलं तर मिनिटभरात बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय. ते बघून पैसे देणारा तयार झाला.

भगूरकर

फाळके नट नव्हते. धागा नटनट्यांचा आहे.

जुने_नाशिक

@भगूरकर केळफा बनून लोकांसमोर उभे राहत होते ते काय होतं मग?

भगूरकर

हं. चालेल.

तिखट_शेव

काकांनी पहिल्यांदा काहीतरी पास केलं! नोंद घ्या.

गोदाकाठचा

आता माझं मत सांगतो, कारण कट्ट्यावर उत्तर घेऊन जायचंय. डे-लुईस माझ्या यादीत खाली गेला. बूट शिवले ते भारीच, पण त्याच्या स्वभावाला शोभतं ते, तो भूमिकेसाठीही असाच गाडून घेतो. उडायला झालं ते लतादीदींच्या मशीनवर आणि त्या अडकित्तेवाल्या सासऱ्यांवर. फाळक्यांचं वेगळंच आहे, तिथे छंद कुठे संपला आणि काम कुठे सुरू झालं ते शोधूनही सापडत नाही, त्यामुळे माझ्या अटीच मोडल्या.

@बॅकस्टेज ते सासरे अजून दौरे करतात का? आमच्या आजोळी चांदवडला एक अडकित्ता पडून आहे, मोराचा. उजेड दिसतो का बघायला सांगितलंय मामाला.

बॅकस्टेज

करतात, कमी झालेत. मोराचा असेल तर विकू नका आणि घासू तर अजिबात नका, पितांबरी लावून लोक वाट लावतात. मामांना म्हणावं तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळून ठेवा. कालिदासला पुढचा प्रयोग लागला की मी तुम्हाला व्यनि करतो, दुपारी दोनच्या आत घेऊन या, नंतर ते बाजारात गेलेले असतात.

कसारा_लोकल

मीपण येतो. त्यांना रॉड स्टुअर्टचे फोटो दाखवायचेत.

निवृत्त_टंकलेखक

ते ‘ळ’ अडकणारं मशीन कोणी भंगारातून उचललं असेल तर कळवा. पत्ता विचारायला म्हणून लिहितोय, घ्यायला जागा नाही.